मऊभाताचा हिशेब

डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी, गोळ्यांच्या यादीनंतर आणि ‘आठ दिवसांनी टाके दाखवायला या’ याच्या आधी, दोन शब्द असतात : सॉफ्ट डाएट. गोळी कोणती, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, हे सगळं कार्डावर असतं. हे दोन शब्द मात्र घरी पोचेपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी वेगळे होतात. आई म्हणते, आठवडाभर नुसती पेज. सासूबाई म्हणतात, भात बंद, टाक्यांत पू होतो. शेजारच्या काकू साबुदाण्याची खीर घेऊन येतात. मामांचा फोन येतो, आंबट बघायचंसुद्धा नाही. आणि ज्याचं ऑपरेशन झालंय तो चौथ्या दिवशी चहात पाचवं बिस्किट बुडवत असतो, कारण तेवढ्या एकाच गोष्टीला कुणाची हरकत नसते.

या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एक गल्लत आहे. अन्न मऊ करणं आणि अन्न पातळ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. मऊ केल्याने दात, घसा आणि आतड्यांचे कष्ट वाचतात. पातळ केल्याने कष्ट वाचतातच, पण पोषणही जातं. जखम भरत असते तेव्हा शरीराला एरवीपेक्षा जास्त पोषण लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपण वाटीत पाणी वाढवत राहतो.

आतडी थांबतात तेव्हा

भूल देण्याआधी पोट रिकामं का ठेवतात हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. भुलेत घशाचं संरक्षण सुटतं आणि पोटातलं उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरांनी १९४६ साली बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा धोका सविस्तर मांडला. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ हा दंडक पुढे जगभर पक्का झाला. आज तो बराच सैल झाला आहे. हलकं खाणं सहसा सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करतात.

ऑपरेशननंतरच्या उपासाचं कारण वेगळं असतं. पोट उघडलं, आतडी हाताळली, की अन्न पुढे ढकलणारी त्यांची हालचाल काही काळ थंडावते. लहान आतडं काही तासांतच पुन्हा कामाला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि मोठं आतडं सगळ्यात उशिरा, दोन-तीन दिवसांनी हलू लागतं. सकाळच्या राउंडला डॉक्टर सगळ्या नातेवाइकांसमोर ‘गॅस पास झाला का?’ असं विचारतात ते यासाठीच. त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं की मोठं आतडं जागं झालं.

जुनी शिस्त अशी होती, की हे उत्तर येईपर्यंत तोंडावाटे काहीच द्यायचं नाही. १९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी या शिस्तीलाच हात घातला. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना त्यांनी वेदना नीट आटोक्यात ठेवून लवकर उठवलं, लवकर चालवलं आणि लवकर खाऊ घातलं. एरवी आठ-दहा दिवस रुग्णालयात राहणारी माणसं दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागली. त्यातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिच्यामुळे आज अनेक ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी घोट-घोट पाणी आणि दुसऱ्या दिवशी थोडं खाणं सुरू होतं. आतड्याला जोड दिलेला असेल किंवा अन्ननलिकेवर काम झालेलं असेल, तर मात्र वेळापत्रक सर्जनच ठरवतो. तिथे शेजारणीचा अनुभव उपयोगी नाही.

याच शोधाचं एक गमतीदार टोक म्हणजे च्युइंगगम. सिझेरियननंतर आणि मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर ते चघळणाऱ्यांची आतडी थोडी लवकर हलू लागतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चघळणं सुरू झालं की मेंदूची समजूत होते की जेवण आलं, आणि पोटाला तयारीचा हुकूम सुटतो. अर्थात हे भूल पूर्ण उतरलेल्या आणि नीट गिळता येणाऱ्यासाठीच.

चार पायऱ्या

रुग्णालयातली आहारतज्ज्ञ मंडळी साधारण चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर आरपार दिसणारी पेयं : पाणी, शहाळं, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा. दुसरीवर दूध, ताक, कण्हेरी, नाचणीचं सत्त्व, मुगाचं गाळलेलं कढण. तिसरीवर मऊभात, गुरगुटी खिचडी, इडली, उकडून कुस्करलेला बटाटा, दुधी, लाल भोपळा, अंडं, पिकलेलं केळं, पपई. चौथी म्हणजे घरातलं रोजचं ताट.

अशी चढण आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेत शोधनानंतरचा, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतरचा, संसर्जनक्रम सांगितला आहे. आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग कडधान्याचं यूष, मग मांसरस, आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळची जेवणं तेही मोजून दिलेलं. तो क्रम पंचकर्मासाठी होता, शस्त्रक्रियेसाठी नव्हे. पण पुढच्या पायरीवर कधी जायचं हे त्यात ठरलेलं होतं. आपल्या घरांत नेमकं तेवढंच गळालं आहे. पेज सुरू कोण करणार हे सगळ्यांना माहीत असतं, थांबवायची कधी हे कुणीच सांगत नाही. पहिल्या पायरीवर एक-दोन दिवसांपेक्षा जास्त राहणं म्हणजे जवळजवळ उपासच.

वाटीत नेमकं काय असतं

१९३०च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन हे संशोधक पाय मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजत होते. नायट्रोजन येतो तो प्रथिनांतून, म्हणजे लघवीत तो जास्त दिसला तर शरीरातली प्रथिनं मोडताहेत असं समजायचं. त्यांना आढळलं, की नुसतं पडून राहिल्याने जेवढी झीज व्हावी त्याहून कितीतरी जास्त होते आहे. मोडलेला असतो एक पाय, पण झिजतात सगळ्या अंगाचे स्नायू. दुखापत झाली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून दुरुस्तीचा कच्चा माल उभा करतं. सर्जनची सुरी हीसुद्धा शरीराच्या लेखी दुखापतच.

म्हणून निरोगी माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरत असली, तरी मोठ्या ऑपरेशननंतर १.२ ते १.५ ग्रॅम लागतात असं धरतात. साठ किलो वजनाच्या बाईंना ७२ ते ९० ग्रॅम.

आता पेजेकडे बघू. वाटीभर पेजेत तांदूळ असतो फार तर २५ ग्रॅम. त्यातून मिळतात नव्वदेक कॅलरी आणि दोन ग्रॅमहूनही कमी प्रथिनं. दिवसातून चार वाट्या पेज म्हणजे सात ग्रॅम, गरजेच्या दहाव्या हिश्श्याइतकी. साबुदाणा आणि आरारूट म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यांत प्रथिनं नावालाच. खिरीत जे काही असतं ते दुधाचं. डाळीच्या वरच्या पाण्याला आपण फार मान देतो, पण डाळीतली बहुतेक प्रथिनं तळाच्या गाळात राहतात, आणि तो गाळ घरातली धडधाकट माणसं पोळीबरोबर खातात.

हा हिशेब पहिल्यांदा मांडणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं नाव घ्यावं लागेल. १८५९च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात त्यांनी आजाऱ्याच्या खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणं लिहिली. तेव्हाच्या इंग्लंडात ‘बीफ टी’, म्हणजे मांस उकळून काढलेलं पाणी, हे रुग्णाचं सर्वश्रेष्ठ अन्न मानलं जाई. नाइटिंगेलबाईंनी सुचवलं, की ते आटवून बघा, खाली जेमतेम चमचाभर पोषक ऐवज उरेल. आरारूट आणि जेलीवरच्या श्रद्धेचीही त्यांनी अशीच झडती घेतली. आजच्या मराठी स्वयंपाकघरातलं डाळीचं पाणी त्या यादीत सहज बसलं असतं.

याचा अर्थ पेज वाईट असा नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मळमळणाऱ्या पोटाला कोमट, मिठाची कण्हेरी जशी चालते तसं फारसं दुसरं काही चालत नाही. पाणी, मीठ आणि थोडी ऊर्जा, तिन्ही एकदम मिळतात. तिचं काम तेवढंच आहे.

दाट तरीही मऊ

मऊ अन्नात पोषण भरायचं तर युक्त्या सोप्या आहेत. खिचडीत तांदूळ आणि मुगाची डाळ समप्रमाणात घ्यायची आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. पाणी वाढवायच्या ऐवजी शिजवण्याचा वेळ वाढवायचा. वरण पळीने वरवर न घेता ढवळून, घट्ट वाढायचं. सत्त्व पाण्यात न शिजवता दुधात शिजवायचं. दुधात दोन चमचे दूध पावडर मिसळली तर प्याला तेवढाच राहतो आणि प्रथिनं बरीच वाढतात. पनीर हाताने कुस्करून मऊभातात घातलं तर चावावंही लागत नाही. मेतकूट-तूप-मऊभात हे तर आपलं जुनं आजारपणातलं जेवण. मेतकुटात भाजलेल्या डाळी असतात, पण चिमूटभर भुरभुरवून भागत नाही, चांगला मोठा चमचा हवा.

साठ किलोच्या बाईंचा एक दिवस मांडून बघू. सकाळी पेलाभर दुधातलं नाचणीचं सत्त्व, ८ ग्रॅम. नाश्त्याला दोन अंड्यांची मऊ भुर्जी, १२. दुपारी मऊभात आणि ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, १२. वाटीभर दही, ५. चारच्या सुमारास ५० ग्रॅम पनीर कुस्करून, किंचित मीठ-जिरे लावून, ९. रात्री मुगाची गुरगुटी खिचडी, १२. झोपताना दूध पावडर घातलेलं पेलाभर दूध, ११. बेरीज ६९, बहात्तरला तीनच कमी. अंडं चालत नसेल तर पनीर आणि डाळ वाढवायची. मासे खाणाऱ्या घरात काटे काढलेली सुरमई किंवा रावस यांच्यासारखं सोपं अन्न नाही. शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं, आणि जिभेने दाबलं तरी सुटतात.

एवढं एका बैठकीत जात नाही. ऑपरेशननंतर भूक मंद असते आणि दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं. म्हणून तीन जेवणांऐवजी सहा वेळा थोडं-थोडं, आणि चहा-पाणी जेवणाच्या आधी न देता नंतर. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार आहे त्यांनी मात्र प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

आंबट, भात आणि पू

पू होतो जंतूंमुळे. भाताचा त्याच्याशी संबंध नाही, आणि जगातली निम्मी माणसं ऑपरेशननंतर भातच खाऊन बरी होतात. एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. मधुमेह असेल तर फार शिजलेला मऊ भात आणि पेज रक्तातली साखर झपाट्याने चढवतात, आणि साखर चढलेली असली की जखम चिघळायला वाव मिळतो. त्यावर उपाय भात तोडण्याचा नाही. भाताचं प्रमाण आवरून त्यात डाळ, दही, भाजी वाढवायची आणि साखर तपासत राहायचं.

आंबटाची गोष्ट जास्त रंजक आहे. हा नियम आजीच्या डोक्यातून निघालेला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणितोपासनीय नावाचा अध्याय आहे, जखमी माणसाची देखभाल कशी करावी यावर. त्यात आंबट, खारट, तिखट वर्ज्य सांगितलं आहे, नवं धान्य आणि उडीदही. पण त्याच अध्यायात जुन्या तांदळाचा स्निग्ध, कोमट, पातळसर भात, मुगाचं यूष आणि मांस घ्यायला सांगितलं आहे. भाज्यांसोबत डाळिंब आणि आवळाही आहे. परंपरेतून आपण ‘आंबट नको’ तेवढं उचललं आणि आवळा, मूग, भात वाटेत सांडले.

आवळा महत्त्वाचा का, हे १९३९ साली बोस्टनच्या जॉन क्रॅन्डन या तरुण सर्जनने स्वतःच्या शरीरावर दाखवलं. त्याने सहा महिने फळं-भाज्या पूर्ण सोडल्या, म्हणजे क जीवनसत्त्व बंद. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम एक जखम करवून घेतली, ती नीट भरली. सहा महिन्यांनी दुसरी करवून घेतली. वरून कातडी मिटली, पण आत काहीच सांधलं नव्हतं. शिरेतून क जीवनसत्त्व सुरू केल्यावर मात्र तीच जखम झपाट्याने भरली. जखमेचे दोन काठ धरून ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन या जीवनसत्त्वाशिवाय धड विणलं जात नाही.

साधं खाणं खाणाऱ्या माणसात इतका टोकाचा तुटवडा सहसा येत नाही. पण आजारपणाआधीच दोन महिने धड न जेवलेली आजी, त्यावर आठवडाभर पेज, आणि फळं ‘थंड’ म्हणून बंद, अशी गाठ पडली की तो दूर राहत नाही. पिकलेली पपई मुळातच मऊ असते आणि तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. पेरूत तर शंभर ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. बिया काढून गर गाळला की झालं. लिंबू पिळायचं ते भांडं आचेवरून उतरवल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने जातं. तोंडात किंवा घशात ताजी जखम असेल तर आंबट झोंबतं, तेवढ्यापुरतं ते टाळणं रास्त आहे. गुडघ्याच्या टाक्यांना लिंबाची झळ पोचत नाही.

तोंड आणि घसा

इथे मऊपणाचा अर्थच बदलतो, कारण अन्न थेट जखमेवरून जातं. अक्कलदाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती टिकणं फार महत्त्वाचं असतं. स्ट्रॉने ओढून पिणं, जोरात चूळ भरून थुंकणं, कढत चहा यांनी ती निसटते, मग उघड्या हाडाचं दुखणं दोन-चार दिवसांनी सुरू होतं. म्हणून खाणं कोमट किंवा गार, चमच्याने, दुसऱ्या बाजूने.

टॉन्सिल काढलेल्या मुलाला आइस्क्रीम मिळतं, हे जगभरच्या मुलांना माहीत आहे. गारव्याने दुखणं कमी होतं हे खरं, पण त्यावरच दहा दिवस काढायचे नसतात. वेदनाशामक वेळेवर देऊन मुलाला जमेल तसं रोजचं खाणं देणं आता योग्य मानतात, कारण गिळत राहिल्याने घशाचे स्नायू आखडत नाहीत. पाचव्या ते दहाव्या दिवसांत खपली सुटते. तेव्हा ताजं रक्त दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

दुचाकीच्या अपघातात जबडा मोडला की अनेकदा दात तारेने बांधून तो चार ते सहा आठवडे मिटलेला ठेवावा लागतो. इथे अन्न पातळ करण्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून प्रत्येक घोट दाट पोषणाचा करावा लागतो : वाटलेली खिचडी दुधात, तूप, दूध पावडर, मांसासकट वाटून गाळलेलं चिकन सूप. अशा रुग्णांचं वजन हमखास उतरतं. उलटी झालीच तर तार कापायला कटर हाताशी हवा, तो कसा वापरायचा हे घरच्यांनी आधीच विचारून घ्यावं.

महाराष्ट्रात तंबाखू आणि गुटख्याने तोंडाच्या कर्करोगाची ऑपरेशनं खूप होतात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाबाहेर नाकात नळी असलेली माणसं दिसतात ती त्यांतलीच. ही राइल्स ट्यूब, १९२१ साली जॉन राइल यांनी रूढ केलेली. नळीतून जाणारं अन्न वाटून, दोनदा गाळून घ्यावं लागतं, रुग्णाला टेकून बसवून हळूहळू द्यावं लागतं, आणि आधी-नंतर नळीत पाणी सोडावं लागतं. सगळंच अन्न नळीतून जाणार असल्याने प्रथिनांचा हिशेब इथे सर्वांत काटेकोर हवा.

गिळण्यातच अडचण असेल तर सगळ्यात अवघड पदार्थ बहुधा साधं पाणी असतं. ते इतक्या वेगाने घसरतं, की घशाला श्वासनलिका झाकायला वेळ मिळत नाही. म्हणून अशा रुग्णांना पेयं दाट करून देतात. दाटपणाबद्दल डॉक्टर, परिचारिका आणि घरचे एकाच भाषेत बोलावेत यासाठी पेयं-पदार्थांच्या शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या ठरवल्या आहेत. मऊपणा तपासायची त्यातली एक रीत घरीही जमते. घासाएवढा तुकडा काट्याच्या चमच्याने दाबायचा, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. तेवढ्या दाबाने तुकडा चिरडला आणि पुन्हा फुगला नाही, तर तो मऊ. दुधात बुडवलेले पोहे या परीक्षेत पास होतात, तरी अशा माणसाला देऊ नयेत. पातळ आणि घट्ट एकाच घासात आले की गिळणं फार कठीण होतं.

मऊ अन्न कुणाला नकोच

गुडघा बदलला, हात जुळवला, मोतीबिंदू काढला, तर पोटाला आणि दातांना काहीच झालेलं नसतं. मळमळ ओसरली की भाकरी-भाजी खायला हरकत नसते. उलट अशा माणसाला आठवडाभर मऊभातावर ठेवलं तर वेगळंच दुखणं उभं राहतं : बद्धकोष्ठ. अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि पडून राहणं, या तिन्हींमुळे आतडी मंदावतात, आणि पेजेत चोथा नसतो. हर्निया किंवा मूळव्याधीच्या टाक्यांवर कुंथण्याचा ताण येणं परवडत नाही. इथे शिजलेल्या भाज्या, पपई, भिजवलेल्या मनुका, भरपूर पाण्यासोबत इसबगोल आणि घरातल्या घरात फेऱ्या यांचं काम मऊभात करू शकत नाही.

घरी निघण्याआधी

डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक विचारतात, काय खायचं नाही? त्याच्या उत्तरात एक यादी मिळते आणि घरी ती वाढत जाते. त्याऐवजी चार गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्याव्यात. मऊ खाणं कशासाठी सांगितलंय, दातांसाठी, घशासाठी की आतड्यांसाठी? ते किती दिवस, आणि पुढची पायरी कधी? दिवसाला प्रथिनं किती हवीत? आणि काय झालं तर खाणं थांबवून फोन करायचा? शेवटच्याचं उत्तर बहुधा असं असेल : सतत उलट्या, फुगून कडक झालेलं पोट, गॅस आणि शौच दोन्ही बंद, ताप. यांतलं काही दिसलं तर पेजही देऊ नये.

यांतलं काही नसेल, तर दर आठवड्याला वजन करावं. ते दोन आठवडे सलग उतरत असेल तर वाटी बदलायची वेळ झाली आहे, मग घरात कुणाचंही मत काहीही असो.